डॅशबोर्ड खोलण्याआधी : गाडीच्या आतली खडखड कशी शोधायची आणि कशी थांबवायची

गाडीत आवाज येतो म्हटलं की पहिला हात जातो तो स्क्रू-ड्रायव्हरकडे. आवाज डॅशबोर्डातूनच येतोय असं वाटतं, म्हणून डॅशबोर्ड खोलला जातो, दोन-तीन क्लिपा तुटतात, मूळ आवाज तसाच राहतो आणि तुटलेल्या क्लिपांची नवी कुरकुर त्यात मिसळते. सोलापुरात ओळखीतल्या चार-पाच गाड्यांचं असं झालेलं मी पाहिलं आहे. त्यातली पहिली माझीच होती.

चूक दरवेळी एकाच जागी होते. आवाज सापडायच्या आधीच दुरुस्ती सुरू होते. म्हणून एक नियम पक्का धरा : आवाज मुद्दाम काढून दाखवता आला पाहिजे आणि हात लावून थांबवताही आला पाहिजे. या दोन्ही गोष्टी जमेपर्यंत एकही स्क्रू फिरवायचा नाही. शोधायला दोन-तीन दिवस लागतात. जागा सापडली की दुरुस्ती बहुतेक वेळा अर्ध्या तासात होते.

## तयारी : काय जमवायचं, कधी करायचं

सामान फार लागत नाही. एक वही, एक मोबाइल, एक माणूस सोबतीला. हार्डवेअरच्या दुकानात खुर्चीच्या पायाखाली लावायचे फेल्टचे चिकट तुकडे मिळतात, ते घ्या. गाडीच्या वायरिंगवर गुंडाळलेली असते ती कापडी टेप ऑटो इलेक्ट्रिकलच्या दुकानात मिळते. दारांच्या रबरासाठी सिलिकॉन ग्रीसची छोटी डबी, पृष्ठभाग पुसायला मेडिकलमधलं स्पिरिट, आणि पॅनेल उचकटायला प्लॅस्टिकच्या पट्ट्या, म्हणजे ट्रिम टूल. स्क्रू-ड्रायव्हरने पॅनेल उचकटलं की प्लॅस्टिकवर पडलेला वण कायमचा राहतो.

एक जुनी सोलापुरी चादर मात्र हाताशी असू द्या. सीटवर आणि गिअरच्या कन्सोलवर ती अंथरली की हातातून सटकलेला पाना ओरखडा पाडत नाही. काढलेले स्क्रू काढल्या क्रमाने तिच्यावर मांडून ठेवता येतात. स्क्रू सीटखाली घरंगळला तर तो पुढे स्वतःच खडखडत राहतो, आणि मग आणखी एक आवाज शोधत बसावं लागतं.

वेळ सांभाळा. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो आणि उन्हात उभ्या गाडीचा काळा डॅशबोर्ड बाहेरच्या हवेपेक्षा कितीतरी जास्त तापतो. तापलेल्या प्लॅस्टिकवर टेप नीट बसत नाही, गोंद सरकतो. उन्हाळ्यात सकाळी आठ-नवाच्या आत सावलीत काम उरका. थंडीत उलट करा : पहाटेच्या गारठ्यात क्लिपा कडक झालेल्या असतात आणि ओढल्या की तुटतात, तेव्हा ऊन वर आल्यावर हात घाला.

## टप्पा १ : गाडी पूर्ण रिकामी करा

हा टप्पा जवळजवळ सगळे टाळतात, म्हणूनच तो पहिला ठेवला आहे. ग्लोव्ह बॉक्समधली कागदपत्रं, चष्म्याचं घर, दारातल्या बाटल्या, कपहोल्डरमधली चिल्लर, आरशाला टांगलेली माळ, डॅशबोर्डावरची मूर्ती, मोबाइल होल्डर, सीटखाली गेलेली छत्री, मागचा पार्सल ट्रे, सगळं बाहेर काढा. किल्लीच्या जुडग्यातून फक्त गाडीची किल्ली वेगळी करा. जुडगा स्टिअरिंगखालच्या प्लॅस्टिकवर आपटतो आणि तो आवाज हुबेहूब डॅशबोर्डाच्या आतला वाटतो.

मग डिकी. स्टेपनीचा मधला बोल्ट हाताने फिरवून पाहा. जॅक, टॉमी (जॅक फिरवायचा लोखंडी दांडा) आणि पाना जागेवर घट्ट आहेत का ते बघा. पंक्चर काढणाऱ्याने घाईत जॅक नुसताच टाकून दिला, एवढ्या कारणाने महिनोन् महिने खडखडणाऱ्या गाड्या असतात. शोध चालू असेपर्यंत जॅक आणि पाना घरीच ठेवा.

टायरमधली हवाही आत्ताच तपासा, टायर थंड असताना. आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर छापलेला असतो. पंपावर हवा अंदाजाने जास्त भरली गेली असेल तर रस्त्याचा प्रत्येक खडा आत कळतो आणि एरवी गप्प बसणारे भागही वाजू लागतात.

तपासणी : रिकामी गाडी नेहमीच्या रस्त्यावर फिरवून आणा. आवाज गेला असेल तर एकेक वस्तू परत ठेवत जा, गुन्हेगार सापडेल. गेला नसेल तर पुढे चला.

## टप्पा २ : आवाजाला नाव द्या आणि वही भरा

या बाबतीत मराठी आपल्याला मोठी मदत करते. नुसतं "आवाज येतो" असं लिहू नका, कसला येतो ते लिहा.

खडखड किंवा टकटक असेल तर एखादी सैल वस्तू दुसऱ्यावर आपटते आहे. करकर, कुरकुर, चर्रचर्र असेल तर दोन पृष्ठभाग एकमेकांवर घासत अडखळत सरकताहेत : प्लॅस्टिक प्लॅस्टिकवर, काचेवर रबर, किंवा चामड्यावर चामडं. भणभण असेल तर एखादं पातळ पॅनेल किंवा झाकण इंजिनाच्या ठरावीक फेऱ्यांना थरथरतं आहे. खुळखुळ असेल तर पोकळीत काहीतरी सुटं पडलेलं आहे, बहुधा स्क्रू किंवा तुटलेली क्लिप. प्रकारागणिक उपाय वेगवेगळे आहेत. टकटकीला फेल्ट लागतं, करकरीला कधी फेल्ट तर कधी सिलिकॉन, आणि खुळखुळीला काहीच लावायचं नसतं, सुटी वस्तू बाहेर काढायची असते.

मग वहीत प्रत्येक फेरीची नोंद करा : वेग किती, रस्ता कसा, गाडी नुकती सुरू केलेली की तापलेली, सकाळ की दुपार, एसी चालू की बंद, शेजारी आणि मागे कोणी बसलं होतं का, काचा वर की खाली. शेजारी माणूस बसल्यावर जाणारा आवाज त्या सीटचा किंवा तिच्या पट्ट्याचा असतो. सकाळी येऊन दुपारी जाणारा किंवा त्याच्या उलट वागणारा आवाज हा दोन प्लॅस्टिकच्या सांध्याचा असतो, कारण तापल्यावर प्लॅस्टिक प्रसरण पावतं आणि फट भरते किंवा घासू लागते. उभ्या गाडीत गिअर न टाकता इंजिनाच्या फेऱ्या वाढवल्यावर येणारी भणभण रस्त्याशी संबंधित नाही. ती घराच्या अंगणातच शोधता येते.

फेरीचा रस्ता एकच ठेवा. घरापासून दोन-तीन किलोमीटरचं असं वळण निवडा, ज्यात दोन गतिरोधक, थोडा उखडलेला भाग, काँक्रीटचे सांधे आणि एक गुळगुळीत पट्टा येतो. जुळे सोलापूर किंवा विजापूर रोडच्या बाजूला राहणाऱ्यांना असं वळण घराजवळच सापडेल. पुणे हायवेवर जाऊन "आता येत नाही" असं ठरवू नका. तिथे कुठलीच गाडी फारशी वाजत नाही.

## टप्पा ३ : आवाज आतला आहे याची खात्री करा

सस्पेन्शन, म्हणजे चाकांचे धक्के झेलणारे भाग, आणि ब्रेक यांचे आवाजही आत बसून ऐकलं की डॅशबोर्डातलेच वाटतात. तीन साध्या चाचण्या घ्या.

पहिली : एका लांब कंपाउंड भिंतीच्या कडेने, काचा खाली करून, सावकाश गाडी न्या. बाहेरचा आवाज भिंतीवर आपटून मोठा ऐकू येईल. काचा वर केल्यावरच स्पष्ट येणारा आवाज आतला.

दुसरी : मोकळ्या रस्त्यावर, मागे कोणी नाही हे पाहून, वीसच्या वेगाने खडबडीत भागावरून जाताना ब्रेक अगदी हलका दाबून धरा. टकटक तेवढ्यापुरती थांबली तर ब्रेक पॅड किंवा ते दाबणाऱ्या कॅलिपरकडे बघा.

तिसरी : गाडी उभी करून पुढचा कोपरा मडगार्डच्या वरून दाबून खाली-वर हलवा. खट्ट असा आवाज आला, किंवा स्टिअरिंग उभ्या जागी वळवताना टक् वाजलं, तर लिंक रॉड, बॉल जॉइंट किंवा स्ट्रट माउंट यांपैकी सस्पेन्शनचा एखादा भाग असू शकतो.

सावधान : या तीनपैकी कशातही संशय आला तर फेल्ट आणि टेप बाजूला ठेवा आणि गाडी लिफ्टवर चढवून तपासून घ्या. ब्रेक आणि सस्पेन्शन ही जिवाची बाब आहे. आतल्या कुरकुरीला आठ दिवस थांबता येतं, त्यांना नाही.

## टप्पा ४ : हाताने दाबून जागा पक्की करा

आता सोबतीचा माणूस हवा. गाडी एकाने चालवायची, शोध दुसऱ्याने घ्यायचा. चालवणाऱ्याने एका हाताने डॅशबोर्ड चाचपत जाणं धोक्याचं आहे आणि त्यातून काही कळतही नाही.

शोधणाऱ्याने पट्टा लावून आधी शेजारच्या सीटवर आणि दुसऱ्या फेरीत मागे बसावं. प्रत्येक भाग तळहाताने दाबून धरायचा : डॅशबोर्डाची काचेजवळची कड, एसीच्या जाळ्या, स्क्रीनची चौकट, ग्लोव्ह बॉक्स, दाराचं पॅनेल, सीटबेल्टचं बक्कल, छतावरच्या दिव्याचं झाकण. दाबल्यावर आवाज थांबला आणि सोडल्यावर परत आला, असं तीनदा झालं की वहीत जागा लिहा. एकदा थांबला म्हणजे योगायोग असू शकतो.

कानावर विसंबू नका असं मी आग्रहाने सांगतो. पुढची मोठी तिरकी काच मागून आणि वरून येणारा आवाज परतवते, त्यामुळे चालवणाऱ्याला तो समोरून आल्यासारखा वाटतो. माझ्या गाडीतली टकटक डॅशबोर्डाच्या डाव्या कोपऱ्यातून येते, अशी माझी खात्री होती. दोन रविवार मी तिथल्या जाळ्या काढण्यात आणि बसवण्यात घालवले. तिसऱ्या रविवारी भाचा मागे बसला होता. तो म्हणाला, "मामा, मी पाठ टेकली की थांबतंय की ओ." वाजत होतं मागच्या सीटच्या पाठीचं कुलूप, डॅशबोर्डापासून दीड-दोन मीटर मागे.

सोबतीला कोणी नसेल तर मोबाइलवर रेकॉर्डिंग लावून तो एकेका फेरीला वेगळ्या जागी कापडात गुंडाळून ठेवा : डिकीत, मागच्या सीटवर, पायाशी. त्याच रस्त्याच्या रेकॉर्डिंगमध्ये आवाज जिथे सर्वात मोठा, त्याच्या जवळ जागा आहे.

उभ्या गाडीतही बरंच काम होतं. बोटांच्या पेरांनी पॅनेलवर टकटक करत जा. घट्ट भाग भरीव वाजतो, सैल भागाच्या मागून दुसरा बारीक आवाज उमटतो. दारांसाठी आणखी एक युक्ती आहे : मोबाइलवर फ्रिक्वेन्सी काढणारं ॲप घेऊन गाडीच्या स्पीकरमधून ३० ते १२० हर्ट्झपर्यंत स्वर सावकाश चढवा. एखाद्या स्वराला दाराचं पॅनेल भणभणलं की तिथेच थांबा आणि दाबून जागा शोधा. व्हॉल्यूम मध्यम ठेवा, नाहीतर स्पीकरच फाटतो.

तपासणी : आवाज हवा तेव्हा काढता येतो का? हाताने थांबतो का? दोन्ही उत्तरं "हो" असतील तरच पुढचा टप्पा.

## टप्पा ५ : मागून पुढे या

दुरुस्ती डिकीपासून सुरू करा आणि डॅशबोर्ड सर्वात शेवटी ठेवा. मागच्या गोष्टी काहीही न खोलता सुधारतात, आणि बऱ्याचदा काम तिथेच संपतं.

डिकी. झाकणाच्या आतल्या कडेला रबराचे दोन गोल ठोकळे असतात. पुष्कळ गाड्यांत ते फिरवून वर-खाली करता येतात. कागदाची पट्टी ठोकळा आणि बॉडी यांच्यात धरून झाकण लावा आणि पट्टी ओढा. ती सहज निसटली तर ठोकळा अर्धा फेरा बाहेर काढा, पुन्हा पाहा. झाकण जोरात आपटल्याशिवाय लागत नसेल तर ठोकळा जास्त बाहेर आला आहे. नंबर प्लेट बोटाने वाजवून पाहा, वाजली तर तिच्या मागे फेल्टचे दोन तुकडे लावा. जॅक परत ठेवताना जुन्या टॉवेलच्या कोरड्या तुकड्यात गुंडाळा.

मागची सीट. पाठ दुमडता येत असेल तर बॉडीवर लोखंडी कडी आणि पाठीत कुलूप असतं. पाठ पूर्ण खाली पाडून एक फेरी मारा. आवाज गेला तर कडीवर कापडी टेपचा एकच थर गुंडाळा. पाठ लावताना खट्ट असा पूर्ण आवाज आला पाहिजे आणि दोन्ही हातांनी जोरात ओढल्यावर ती हलता कामा नये. कुलपाजवळ लाल खूण असेल तर ती दिसता कामा नये. टेपमुळे कुलूप अर्धवट लागत असेल तर टेप काढून टाका. अपघातात ती पाठच डिकीतलं सामान अडवते.

पट्टे आणि डोकं टेकायच्या उशा. रिकाम्या सीटचं बक्कल प्लॅस्टिकवर आपटून काँक्रीटच्या प्रत्येक सांध्याला टक् वाजतं. पट्टा लावून फेरी मारली की कळतं. ड्रायव्हरच्या उजव्या कानाजवळची टकटक अनेकदा खांबावरच्या पट्ट्याच्या उंचीच्या खटक्याची असते. तो एक खाच वर-खाली करून नीट बसवा. मागच्या उशा पूर्ण खाली दाबून पाहा.

दारं. दारांच्या कडेची रबरं सोलापूरच्या धुळीने आणि उन्हाने कोरडी पडतात आणि गाडी वाकड्या रस्त्यावर पिळवटली की करकरतात. आधी ओल्या फडक्याने धूळ पूर्ण काढा, वाळू द्या, मग सिलिकॉन ग्रीसचा अगदी पातळ हात फिरवा आणि उरलेलं पुसून घ्या. धुळीवरच ग्रीस लावलं तर त्याची पॉलिश पेपरसारखी लगदी होते. साधं इंजिन ऑइल, खोबरेल तेल किंवा गंज काढायचा स्प्रे इथे चालत नाही. पेट्रोलियमचं तेल रबर फुगवून मऊ करतं.

दाराच्या आत स्पीकरचे स्क्रू, कुलपाच्या काड्या आणि वायरिंग असतं. पॅनेल काढायचं ठरलंच तर आधी हँडलच्या खाचेतले आणि छोट्या झाकणांमागचे स्क्रू शोधा. ते न काढता ओढलं की पॅनेल फाटतं. आत काळ्या गोंदाने चिकटवलेला प्लॅस्टिकचा पडदा दिसेल. तो फाडू नका, आणि सुटला तर पूर्ण कड पुन्हा चिकटवा. तो सैल राहिला की पावसाळ्यात पाणी पायाशी उतरतं. सैल वायर किंवा काडी दिसली तर तिच्यावर कापडी टेप गुंडाळा, पण कुलूप मोकळं फिरलं पाहिजे. पॅनेल बंद करण्याआधी काच पूर्ण वर-खाली करून आणि कुलूप चार वेळा लावून बघा.

## टप्पा ६ : डॅशबोर्ड

इथपर्यंत आला असाल आणि जागा खरोखर डॅशबोर्डात पक्की झाली असेल तरच.

सावधान : पिवळ्या रंगाचे कनेक्टर आणि पिवळ्या आवरणाच्या वायरी एअरबॅगच्या असतात. त्यांना हात लावू नका, त्यांच्यावर टेप गुंडाळू नका, त्यांच्या वाटेत स्पंज भरू नका. पुढच्या काचेच्या दोन्ही बाजूंच्या खांबांवर एअरबॅगची खूण असेल तर त्यांची आवरणं स्वतः काढू नका. स्टिअरिंग आणि शेजारच्या सीटसमोरचं झाकण यांना तर कधीच उचकटू नका. त्या भागाजवळ काम असेल तर बॅटरीची निगेटिव्ह तार काढून हँडबुकमध्ये सांगितलेला वेळ थांबा. मनात थोडीही शंका असेल तर ते काम सर्व्हिस सेंटरला द्या.

ग्लोव्ह बॉक्सपासून सुरुवात करा. उभ्या गाडीत इंजिन चालू ठेवून आधी तो उघडा असताना ऐका, मग तो लावून ऐका. त्याच्या कडेचे छोटे रबरी ठोकळे पडून गेलेले असतात, त्या जागी फेल्ट लावा. बऱ्याच गाड्यांत त्याच्या मागेच एसीचं फिल्टर असतं. त्याचं झाकण नीट न बसल्यास पंखा वाढवला की भणभण येते. पंख्याच्या वेगाबरोबर वाढणारी खरखर असेल तर वाळलेली पानं आत गेलेली असतात. कडुलिंबाखाली गाडी लावणाऱ्यांनी हे आधी बघावं.

काचेजवळच्या कडेची करकर दाबल्यावर थांबत असेल तर पातळ फेल्टची पट्टी जुन्या एटीएम कार्डाच्या टोकाने फटीत सरकवा. जेवढी सहज जाते तेवढीच. कोंबली तर प्लॅस्टिकवर ताण येतो आणि आवाज एक वीत पुढे सरकतो. एसीच्या जाळ्या आणि स्क्रीनची चौकट ट्रिम टूलने हळू सैल करून ज्या कडा एकमेकांना टेकतात तिथे स्पिरिटने पुसून, वाळल्यावर, फेल्ट लावा. स्पिरिट आधी न दिसणाऱ्या कोपऱ्यात लावून पाहा, काही प्लॅस्टिकवर डाग पडतो. फेल्ट मागच्या बाजूला लावा, समोरून दिसता कामा नये.

प्लॅस्टिकमधले स्क्रू हाताने बसतील तेवढेच आवळा. पुढे अर्धा फेरा दिला की आतली नळी चिरते आणि तो स्क्रू कधीच धरत नाही.

## ज्या चुका पुन्हा पुन्हा दिसतात

फटीत कापूस, वर्तमानपत्र किंवा थर्माकोल भरणं. थर्माकोल तर स्वतःच करकरतो. साधा पिवळा स्पंजही नको, आपल्या उन्हात दोन उन्हाळ्यांत त्याचा भुगा होऊन एसीच्या वाटेत जातो.

काळी इलेक्ट्रिकची टेप गुंडाळणं. उन्हात तिचा गोंद वितळून चिकट काळा थर राहतो. फेविक्विक लावणं हे त्याहून वाईट. भाग कायमचा चिकटतो, आजूबाजूचं प्लॅस्टिक पांढरं पडतं, आणि पुढच्या वेळी खोलायचं म्हणजे तोडायचं.

तुटलेली क्लिप तशीच परत बसवणं. पॅनेल खोलण्याआधी त्या मॉडेलच्या पाच-सहा क्लिपा आणून ठेवा.

आणि सर्वात मोठी : एकाच दिवशी पाच जागी फेल्ट लावणं. आवाज गेला तरी कशामुळे गेला ते कळत नाही, आणि परत आला तर सगळं पहिल्यापासून. एक बदल, एक फेरी, एक नोंद. मगच दुसरा बदल.

## टप्पा ७ : शेवटची फेरी

दुरुस्तीनंतर तोच रस्ता, तोच वेग, तीच माणसं. एक फेरी सकाळी घ्या आणि एक गाडी दुपारी दोन तास उन्हात उभी करून. प्लॅस्टिक तापून पुन्हा गार झाल्यावरही फेल्ट जागेवर राहिलं तरच ती जागा वहीतून खोडून टाका. आठवड्याने पुन्हा एकदा दाबून पाहा. मग घरी ठेवलेल्या वस्तू एकेक करून गाडीत परत आणा, सगळ्या एकदम नकोत.

गाडी वॉरंटीत असेल, किंवा हाताने थांबवता येऊनही मूळ सापडत नसेल, तर सर्व्हिस सेंटरला जाताना वही आणि रेकॉर्डिंग घेऊन जा. नुसतं "आवाज येतो" म्हणून किल्ली देऊन येऊ नका. मेकॅनिकला शेजारी बसवा, तुमच्या वळणावर न्या, कुठल्या गतिरोधकाला टक् वाजतं आणि कुठे हात ठेवल्यावर थांबतं ते दाखवा. तो हात त्याने स्वतः तिथे ठेवून पाहिल्याशिवाय गाडी त्याच्या ताब्यात देऊ नका.